पाच मिनिटांचं सुंबरान

कार्यक्रमपत्रिकेवर ती ओळ मीच लिहिली होती : 'ईशस्तवन – धनगरी ओवी (पाच मिनिटे)'. पत्रिका छापून आली तेव्हा मी ती दोनदा कौतुकानं वाचलीसुद्धा. चूक लक्षात आली नाही. सांगलीतल्या दुसऱ्या कुणी ती केली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मी धनगराची लेक. मेंढरांच्या मागं फिरत लहानाची मोठी झालेली. मला माफी नाही, असं आमची माणसं म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

सुंबरान म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं येड्यांचा बाजार वाटेल. आमच्याकडं ओवी म्हणजे नुसतं गाणं नाही, ती गोष्ट असते. थोडी गायची, थोडी बोलून सांगायची, परत गायची. म्होरक्या ओळ म्हणतो आणि मागं बसलेले झीलकरी त्या ओळीचा शेवट उचलून उंच नेतात. ते उंच नेणं म्हणजे झील. आणि गोष्ट सुरू करण्याआधी सगळ्या देवांना नावानिशी हाका मारून बोलवायचं, बसवायचं, ते सुंबरान. एकदा सुंबरान मांडलं की गोष्ट शेवटाला न्यायची, देवांना वाटेला लावायचं, आणि मगच उठायचं. पाहुण्याला बोलावून पाटावर बसवलं आणि ताट न वाढताच आपण बाहेर निघून गेलो, तर कसं दिसेल?

अशा सुंबरानाला मी पाच मिनिटं दिली होती. आमच्या चित्रकला महाविद्यालयात दर कार्यक्रमाला पेटी-तबला मांडून तेच ते स्वागतगीत होतं. यंदा 'लोककथा आणि चित्र' अशी तीन दिवसांची कार्यशाळा ठरली, ओवीची मंडळी यायचीच होती, तर उद्घाटनाला त्यांनीच गावं, असं मीच प्राचार्यांना सुचवलं. जुनी माणसं घेतील सांभाळून, असं मनात धरलं. वीस वर्षं शहरात राहिलं की माणूस स्वतःच्या घराबद्दल असं काहीबाही मनात धरायला लागतो.

मी तिथं रेखाकला शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी आहेही आणि नाहीही. दर जूनला नवी ऑर्डर निघते, तिच्यावर प्राचार्य सही करतात, तेव्हा आपण पुढच्या मार्चपर्यंत प्राध्यापक. अकरा जून मी असे काढले होते. अकरा वर्षं 'हो सर' म्हणत होते. त्या नोकरीवर माझं पोट होतं हे खरंच, पण आबांची मान ताठ होती हे जास्त खरं. माझे वडील आटपाडीच्या बाजारात मेंढरं घेऊन उभे असले की ओळख असो-नसो, माणसाला सांगायचे, "आमची लेक कॉलेजात शिकवती." एकदा तर एका गिऱ्हाईकाला त्यांनी कोकराचे दात दाखवायच्या आधी मोबाईलमधला माझा फोटो दाखवला होता.

आबा स्वतः एके काळचे झीलकरी. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी झील नव्हती. आणि त्या झीलेपायीच मी त्यांच्या हातचा मार खाल्लाय, एकदाच, पण अजून आठवतो तो. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दगडी वाडा नव्हे, कडेगावकडं एका ऊस तुटलेल्या रानात बसला होता. माणसं ओवीला बसली होती. एका झीलकऱ्याला खोकल्याची उबळ आली, झील तुटणार असं दिसलं, आणि मागनं मीच ती उचलली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. आबा मात्र एका जागी दगडासारखे बसून राहिले. गोष्ट संपली, देवांना वाटेला लावलं, मग ते उठले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. "पोरीनं झील धरायची न्हाई." का, ते कुणी सांगितलं नाही. देवाला चालत नाही म्हणे. देवाला कुणी विचारलं होतं, कोण जाणे. पण त्यानंतर मी कधीच तोंड उघडलं नाही. अंगणात नाही की न्हाणीतही नाही.

असो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळी जीपनं आली. म्होरके तात्या, आबांचे जुने सोबती, सत्तरीच्या पुढचे, नातं नसलं तरी माझ्या चुलत्याच्या जागी. त्यांच्याबरोबर एक ढोलवाला आणि एक झीलकरी. दुसरा झीलकरी लोणंदच्या बाजाराला मेंढरं घेऊन गेला होता, तो परस्पर येणार होता. तो आलाच नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

आमच्या मुलांनी तयारी करून ठेवली होती. लोककला म्हटलं की आमच्या प्राचार्यांना वारलीशिवाय दुसरं काही आठवत नाही, त्यामुळं त्यांनी सगळ्यांना वारलीचा सराव करायला लावला होता. वर्गात तीस कागद टांगलेले. त्रिकोणी छातीची, काडीच्या हातापायांची माणसं, गळ्यात ढोल. वारली माणसं त्यांच्या डोंगरात, त्यांच्या भिंतीवर किती देखणी दिसतात. पण त्यांना आमच्या माळावर मेंढरं राखायला कुणी आणून सोडलं, हे मी प्राचार्यांना विचारायला हवं होतं. मी 'हो सर' म्हटलं होतं.

तात्या हात मागं बांधून एकेका चित्रापुढनं गेले. पाहुण्याच्या घरची जनावरं बघावीत तसे शांतपणे. एका ठिकाणी थांबले.

"मानसं लय वाळल्यात. दुस्काळातली हायत का?"

मुलं हसली. तात्या हसले नाहीत. पुढच्या चित्रात हिरवा माळ होता आणि त्यावर कापसाचे बोळे फेकावेत तशी मेंढरं इकडं-तिकडं पांगलेली होती. वर मधोमध सूर्य.

"ही सकाळ हाय का दुपार?"

"दुपार," ज्या मुलीचं चित्र होतं ती म्हणाली.

"मग मेली की समदी."

ती मुलगी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मला कळलं होतं, पण मी बोलले नाही. तात्यांचा वर्ग होता.

"भाईर चला," तात्या म्हणाले.

आणि त्यांनी तीसच्या तीस पोरं अंगणात उन्हात नेली. एकाला उभं केलं. दुसऱ्याला सांगितलं, वाक, डोकं ह्याच्या पोटाखाली घाल. तिसऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली. चौथीचं तिसऱ्याच्या. "मेंढरू दुपारचं पांगत न्हाई. त्येला झाड गावत न्हाई माळावर. मग त्ये दुसऱ्याची सावली घेतंय, आन आपली तिसऱ्याला देतंय. भाईरनं बगा, तोंड दिसतंय का एकाचं तरी? निसत्या पाटी. ह्ये काडा."

तीस पोरं एकमेकांत डोकी खुपसून वाकून उभी. पहिल्यांदा खिदळली, मग उन्हानं पाठी तापल्या तशी गप्प झाली. दहा मिनिटं तात्यांनी कुणाला हलू दिलं नाही. प्राचार्य वरच्या मजल्यावरच्या खिडकीत आले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"अभ्यास, सर," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी वर्गातल्या वारली माणसांवर मुलांनी पांढरा रंग फिरवला. मी सांगितलं नव्हतं. रोखलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सभागृह भरलं. संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनाला आले होते. त्यांना एकला कऱ्हाडात दुसरा कार्यक्रम होता. व्यासपीठावर त्यांची खुर्ची, पुढं मेजावर शाल, श्रीफळ आणि पितळी समई. कडेला घोंगडं अंथरून तात्या, ढोलवाला आणि तो एकटा झीलकरी. निवेदिकेनं पत्रिकेप्रमाणं ईशस्तवनाची विनंती केली.

तात्यांनी कपाळाला भंडारा लावला, डावा हात कानावर ठेवला आणि सुंबरान मांडलं. डोंगरावरचे देव आले, नदीकाठचे आले, वेशीवरचे आले, ज्यांना देऊळ नाही असेही आले. ढोल असा वाजला की अध्यक्षांच्या पुढच्या ग्लासातलं पाणी थरथरायला लागलं. खरं सांगते, मी तिथं कोपऱ्यात अगदी फुगून उभी होते. म्हटलं, बघा. ऐका.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. सगळे देव बसले. निवेदिका माईकपाशी सरसावली. आणि तात्यांनी एक श्वास घेतला आणि गोष्ट सुरू केली.

आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं. हे आता थांबणार नाही. थांबवता येणार नाही. तात्यांनी फार तर लहानशी गोष्ट निवडली असेल, पण आमच्यातली लहान गोष्ट म्हणजे सुद्धा तीन तास.

प्राचार्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग निवेदिकेकडं. मग माझ्याकडं. मग शिपाई माझ्यापाशी चिठ्ठी घेऊन आला. 'थांबवा. ताबडतोब.' खाली त्यांची सही होती. साध्या चिठ्ठीवर कोण सही करतं? पण त्या सहीची मला ओळख होती, ती दर जूनला मी बघत होते. त्यांनाही ते ठाऊक होतं.

मी व्यासपीठावर गेले. तात्यांचं गाणं संपून बोलणं सुरू झालं तशी वाकून हळूच म्हणाले, "तात्या, पाव्हण्यांचं भाषण हाय. जरा थांबा. मग फुडं सांगा."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. एखाद्याला ताप आलाय का हे बघावं तसं.

"सुंबरान मांडाय कुणी लावलं?"

"मी."

"देव कुणी बसवलं?"

"तुमी."

"मग आता उटवायचं कुणी?"

मी हातातली चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

"तुला जमत आसंल तर तू उटीव. मी न्हाई," ते म्हणाले, आणि कानावर हात ठेवून त्यांनी पुढची ओवी धरली.

ओळ म्हटली आणि झीलेसाठी सोडली. मागं एकच झीलकरी. तोही साठीचा, आदल्या दिवशीच्या प्रवासानं शिणलेला. झील हे दोघा-तिघांचं काम असतं, एकाचा श्वास संपतो तिथं दुसऱ्यानं धरायचं असतं. त्यानं ती अर्ध्यापर्यंत नेली आणि त्याचा आवाज मधोमध फाटला. ओळ खाली पडली. तात्या कानावर हात ठेवून तसेच थांबले. आणि पुढच्या रांगेत, जिथं प्राध्यापक आणि संस्थेची माणसं बसली होती, तिथं कुणीतरी हसलं.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी काही विचारबिचार केला असं सांगणार नाही. जून आठवला नाही, आबा आठवले नाहीत. फक्त एवढंच आलं मनात, की माझ्या घरी देव बसलेत आणि माझ्याच घरी त्यांना कुणीतरी हसतंय. मी चपला काढल्या आणि घोंगड्याच्या कडेला बसले.

तात्यांनी तीच ओळ परत म्हटली. सोडली. आणि मी झील उचलली.

तीस वर्षं न वापरलेला आवाज होता. पहिल्यांदा कुईकुई असं काहीतरी निघालं. मग कुठूनसा तो रस्ता सापडला, पोटातनं वर, टाळूला लागून आणखी वर. शेजारचा झीलकरी चमकून वळला. हाताच्या कोपरानं त्यानं मला ढकललं. "ए बाय, ऊट. बायामानसाचं काम न्हाई."

तात्यांनी गोष्ट न थांबवता, जणू गोष्टीतलंच वाक्य असावं तसं सांगितलं, "बसू दे. घसा हाय, छाती हाय. झीलंला आनिक काय लागतंय, मिशा?"

ढोलवाला ढोलावर वाकला, त्याचे खांदे हलत होते. झीलकरी धुमसत राहिला, पण दोन ओळींनंतर त्याचा श्वास संपला तिथं मी धरली आणि माझा संपला तिथं त्यानं. पोट भरलेल्या माणसाचा राग टिकत नाही, तसा दम मिळालेल्या झीलकऱ्याचाही टिकत नाही.

अध्यक्ष उठले. त्यांच्याबरोबर पुढची सगळी रांग उठली. प्राचार्य त्यांच्यामागं हात जोडत दारापर्यंत पळत गेले. शाल आणि श्रीफळ मेजावरच राहिलं. बाहेर गाडीपाशी जाऊन अध्यक्ष उभे राहिले, पण गाडीला ड्रायव्हर नव्हता. तो सभागृहाच्या दारात चपला काढून, मांडी घालून गोष्ट ऐकत होता. त्याला न्यायला आत माणूस पाठवावा लागला. मग शिपायानं येऊन माईक बंद केला. मग पंखे. तात्यांना यातलं काही कळलं का, मला सांगता यायचं नाही. माळावर पंखे नसतात.

मला वाटलं होतं, मुलंही जातील. वर्गातनं सुटायची संधी मिळाली की ती सोडत नाहीत, मी अकरा वर्षं बघत होते. पण ती खुर्च्या सोडून पुढं आली आणि घोंगड्याभोवती जमिनीवर बसली. बोर्ड मांडीवर घेतले. कोळसे काढले. तात्या बोलण्यात विचारायचे, "आयकताय न्हवं?" पहिल्यांदा कुणी उत्तर दिलं नाही. कॉलेजात आम्ही शिकवतो, ऐकताना गप्प बसा. तात्या थांबले, आणि थांबूनच राहिले. समोरनं व्हय आल्याशिवाय गोष्ट पुढं कशी जाणार? शेवटी आदल्या दिवशी जिची मेंढरं मेली होती ती मुलगी म्हणाली, "व्हय." मग सगळेच म्हणायला लागले.

गोष्ट होती एका धनगराच्या सुनेची. दुष्काळ पडलाय, माळावर काडी नाही, वाडा हलवायचाय. निघायच्या वेळेला एक मेंढी विणीला आली. म्होरक्या म्हणाला, एका मेंढीपायी शंभर मारायची का? सोड तिला, चल. सून म्हणाली, मी हिच्याजवळ बसले आहे, ही उठेल तेव्हा मी उठेन. वाडा गेला. दिवस कलला तसा लांडगा आला आणि समोर बसला. ती त्याला म्हणाली, थांब, आधी कोकरू होऊ दे, मग आपलं काय ते बघू. लांडगा थांबला. ती मेंढीची पाठ चोळत त्याला आपलं सगळं सांगत राहिली, माहेर कुठलं, सासर कुठलं, नवरा कसा बोलला नाही. सकाळी कोकरू पायावर उभं राहिलं तेव्हा लांडगा तिथं नव्हता. पण पुढं गेलेला सगळा वाडा वाट फिरवून माघारी येत होता, कारण कुठल्याही खिंडीत पाय टाकला की समोर लांडगा बसलेला. म्होरक्यानं तिला विचारलं, "एकली कशी बसलीस?" ती म्हणाली, "एकली कुटं? आमी दोगी होतो."

त्या ओळीची झील मी कशी नेली मला आठवत नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि घशात कोळसा पेटल्यासारखी आग.

दोन वाजून गेले होते. तात्यांनी देवांना एकेकाला निरोप दिला, ढोल थांबला. सगळ्यांच्या कपाळाला त्यांनी भंडारा लावला. मला लावताना म्हणाले, "श्वास चोरतीस. आन झील सोडताना भेतीस. पर बसलीस, ह्ये ब्येस केलंस."

मुलांचे कागद जमिनीवर पसरलेले होते. एकातही वारली माणूस नव्हतं. सगळ्यांत आधी 'व्हय' म्हणालेल्या मुलीच्या कागदावर नुसत्या काळ्या पाठी होत्या, कागदभर, आणि त्यांच्या मधोमध एक बाई बसलेली, ती इतकी लहान की शोधावी लागावी. अकरा वर्षांत मी जे शिकवू शकले नव्हते ते त्या पोरीला दोन दिवसांत आलं होतं. मला तिचा हेवा वाटला आणि अभिमानही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाला कुलूप होतं. कार्यशाळा 'तांत्रिक कारणास्तव' रद्द झाल्याची सूचना फळ्यावर लागली होती. मुलांनी ती वाचली आणि तात्यांना घेऊन ती पार्किंगमधल्या लिंबाखाली जाऊन बसली. मला प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, तुम्ही इतक्या वर्षांत कधी एक शब्द उलटा बोलला नाहीत," ते म्हणाले. "मला तुमचं वाईट वाटतं. अध्यक्ष फार दुखावलेत. तुम्ही त्यांच्या नावानं एक माफीपत्र द्या. मंडळींना समज देता आली नाही, व्यासपीठावर बसण्यात चूक झाली, एवढं पुरे. जूनचं मग मी बघतो."

मी कागद मागितला. त्यांच्याच पेननं लिहिलं. 'सुंबरान मांडल्यावर गोष्ट पुरी झाल्याशिवाय उठता येत नाही. हे ठाऊक असूनही ते पाच मिनिटांत बसवायला मी सांगितलं, ही माझी चूक. तिच्याबद्दल मी तात्यांची माफी मागते. मी झीलेला बसले, ही चूक नाही.'

प्राचार्यांनी ते वाचलं. उलटून मागची बाजू पाहिली. "यात अध्यक्षांची माफी कुठं आहे?"

"नाही, सर."

"मग जूनमध्ये तुमची ऑर्डर निघणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, सर."

मी पेन त्यांच्या मेजावर ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीतनं 'हो सर' न म्हणता बाहेर पडले.

खाली येऊन मी आबांना फोन लावला. दुसऱ्या कुणाकडनं कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून. बाजारात फोटो दाखवणारा माणूस. पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता.

"कोन बोलतंय?"

"मी, आबा."

"मी कोन?"

माझा आवाजच माझा राहिला नव्हता. "तुमची लेक, आबा. घसा बसलाय."

ते म्हणाले, "बोल बगू आनिक."

"काय बोलू?"

"सर्दीचा न्हाई ह्यो घसा. ह्यो झील धरल्याला घसा हाय. मला शिकवू नगंस. कुटं धरलीस?"

मग मी सगळं सांगितलं. पाच मिनिटांपासून माफीपत्रापर्यंत, एका दमात, आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून. शेवटी मी म्हणाले, "नोकरी गेली, आबा."

"गोस्ट पुरी झाली का मदीच उटलीस?"

"पुरी झाली."

"देव वाटंला लागलं?"

"व्हय."

"मग भेतीस कुणाला?"

मी खरं तेच सांगितलं. "तुमास्नी."

पलीकडं नुसती मेंढरं बें-बें करत होती. मग आबांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा.

"म्हनून दाव," ते म्हणाले. "कशी धरलीस ती. मी ओळ टाकतो."

आणि त्यांनी ओळ टाकली. सत्तर वर्षांचा, थकलेला आवाज, माळावरच्या वाऱ्यात निम्मा उडून जाणारा. मी नेमकी प्राचार्यांच्या खिडकीखाली उभी होते. खिडकी उघडी होती. तिथनं लांब जाऊन उभं राहावं असं एकदा मनात आलं, आणि आलं म्हणून माझाच मला राग आला. मी तिथंच फोन तोंडासमोर धरला, डावा हात कानावर ठेवला, आणि त्या फाटक्या घशानं झील जेवढी वर जाईल तेवढी वर नेली.